वाऱ्यासमोरचा आवाज

"आवाजाला वासच येत नाहीये रे हिच्या," कानाशी कुणीतरी कुरकुरलं. इतक्या जवळून, की कल्पिताने दचकून मागे पाहिलं. मागे कुणी असणार कुठून? मागे काळ्या स्पंजची भिंत होती, समोर माइक, माइकपुढे गोल जाळी, आणि त्यापलीकडे काचेतून दिसणारी तीन माणसं: दिग्दर्शक चंद्रप्रकाश, जाहिरात लिहिणारी तेजल आणि रेकॉर्डिंग करणारा विशाल. कुरकुर हेडफोनमधून आली होती. विशालच्या टेबलावर एक बटण असतं. ते दाबलं की बाहेरचं बोलणं आतल्या माणसाच्या कानात पडतं. सोडलं की काचेपलीकडची माणसं टाकीतल्या माशांसारखी नुसती तोंडं हलवतात. आज ते बटण दाबलेलंच राहिलं होतं. त्याच्या शेजारचा इवलासा लाल दिवा तिला इथून दिसत होता. त्या तिघांपैकी कुणालाच दिसत नव्हता, निदान तसं वाटत तरी होतं. चंद्रप्रकाश चहाचा कप हातात घेऊन विशालला सांगत होते, "अरे, म्हणूनच तर हिला बोलावलं ना. म्हटलं, आतून येईल. रक्तातच असतं या लोकांच्या. पण हिने सगळं घासूनपुसून चकाचक केलंय. कोळीण शिल्लकच नाही ठेवली." त्यावर तेजल म्हणाली, "सर, क्लायंटला फुल मच्छीबाजार हवाय हां," आणि हसली.  विशाल समोरच्या यंत्रावरच्या आवाजाच्या पट्ट्या खालीवर करत राहिला.

कल्पिताने हेडफोन काढला नाही. कोमट पाण्याचा घोट घेतला, हातातल्या कागदाकडे पाहिलं आणि गालात हसली. हे हसू तिला आपोआप येतं, शिंक यावी तसं. कागदावर घरपोच मासळी देणाऱ्या एका नव्या ॲपची जाहिरात होती. तिच्यात दोन बायका. एक कोळीण, ती ओरडते: "ए बाई, घेयाचं तर घे, नायतर फूट हितनं! मासा हाय, नवरा नाय, उलटून पालटून बघायला!" मग दुसरी, गोड गृहिणी, मोबाइलवर बोट टेकवून म्हणते: "आता बाजारातली कटकट नको. ना वास, ना वाद. ताजी मासळी, अगदी शांतपणे." ही गोड गृहिणी कल्पिताने मागच्याच आठवड्यात याच खोलीत उभं राहून बोलून टाकली होती. तेव्हा कागदावर तेवढीच ओळ होती. कोणती कटकट, कुणाशी वाद, हे तिने विचारलं नव्हतं, या धंद्यात कुणी विचारतही नाही. 'शांतपणे' म्हणताना तिने शेवटी असा काही श्वास सोडला होता, की चंद्रप्रकाश काचेपलीकडून हात जोडून उभे राहिले होते. आणि काल रात्री त्यांचाच फोन आला. कोळणीसाठी ठरवलेल्या बाईचा घसा बसलाय, तुम्हीच याल का, दोन वाक्यं तर आहेत. ती आली. कागद हातात पडला तेव्हा कुठे तिला कळलं, की आठवडाभरापूर्वी आपण कुणाला उत्तर देऊन बसलोय.

गोड बाई हाच तिचा धंदा होता. शिकवला कुणी नव्हता. रेडिओवरच्या बातम्या ऐकून, गिरणीत दळण देताना समोरच्या पाट्या मोठ्याने वाचून, आरशासमोर ओठ गोल करून तिने तो स्वतःच कमावला होता. उपनगरातल्या कितीतरी लिफ्टमध्ये 'कृपया दरवाजा बंद करा' म्हणणारी बाई म्हणजे कल्पिता. बँकेत फोन केला की 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' म्हणून ताटकळत ठेवते तीही कल्पिताच. गुडघ्याच्या दुखण्यासाठी ती आईला, मथुराबाईंना, अंधेरीच्या दवाखान्यात घेऊन गेली होती, तेव्हा लिफ्टमधला आवाज ऐकून म्हातारी स्ट्रेचरवरच्या पेशंटलासुद्धा जाग येईल अशी ओरडली होती, "ही माझी पोर! ही बोलतंय ती माझी पोर हाय!" लिफ्टमधली माणसं आधी छताकडे आणि मग कल्पिताकडे बघायला लागली. खाली उतरल्यावर आई म्हणाली, "पन काय गो, अशी का बोलतंस? घसा बसल्यावानी?" या प्रश्नाचं उत्तर कल्पिताने अजून दिलेलं नाही. माइकसमोर उभं राहायचं तर बांगड्या काढाव्या लागतात, खळखळ चालत नाही. कडक इस्त्रीची साडीही चालत नाही, ती सळसळते. दर वेळी बांगड्या काढून पर्समध्ये टाकताना तिला आईचा उजवा हात आठवतो. लग्नात त्या हातातल्या बांगड्या समुद्राला दिल्या, नवऱ्याला सांभाळ म्हणून, तेव्हापासून तो हात मोकळाच. आईचा एक हात मोकळा, माझे दोन्ही. आईने समुद्राला दिल्या. मी कुणाला दिल्या, आणि काय सांभाळायला?

"कल्पिताजी," विशालला बटणाची खूण केल्यावर चंद्रप्रकाशांचा आवाज आता मुद्दाम तिच्यासाठी, मधात बुडवून आला, "फारच छान झालं हं. फक्त जरा ते कॅरेक्टर आणूया. म्हणजे, ती जी एक टाइप असते ना… तुम्हाला कळतंय." "हो, कळलं सर," ती म्हणाली. पुन्हा एकदा ती ओरडली, कागदावरचा शब्दन् शब्द, आणि पुन्हा तिचं तिलाच कळलं, की लिफ्टमधली बाई ओरडते आहे: कृपया उलटून पालटून बघू नका. तिला हसू आलं. पलीकडे कुणीच हसलं नाही. 'कोळीण' हा शब्द कागदावर छापलेला होता, बटण सुटलंय असं समजून ते तो बिनधास्त वापरत होते, पण तिच्याशी बोलताना मात्र 'ती टाइप', 'तो फ्लेवर', 'तसलं काहीतरी'. म्हणजे यांना ठाऊक होतं. चंद्रप्रकाशांना तर फार आधीपासून. खूप वर्षांपूर्वी ती याच स्टुडिओच्या जिन्यात आईशी फोनवर बोलत होती, मोकळी, तिच्या बोलीत, "मना नाय जमनार गो आज" असं काहीतरी, आणि वर पाहिलं तर ते दोन पायऱ्यांवर थबकलेले. काही न बोलता ते आत निघून गेले. नंतर कधी विषय काढला नाही. तिने इतकी वर्षं तो त्यांचा सभ्यपणा मानला होता. मनातून त्यांची ऋणीसुद्धा होती. आज कळलं, सभ्यपणा कसला, त्यांनी ते वाळवलेल्या बोंबलासारखं ठेवून दिलं होतं. पावसाळ्यात लागेल म्हणून.

राग यायला हवा होता. आला तो वेगळाच कसला तरी. कारण 'कोळीण शिल्लकच नाही' हे ऐकून तिला पहिल्यांदा जे वाटलं होतं ते अपमान झाल्यासारखं नव्हतंच. कुणीतरी घरात शिरून बघावं आणि सांगावं, बाई, तुमच्या घरात कुणीच राहत नाही, तसं वाटलं होतं. खोली गप्प होती. स्पंजच्या भिंती आवाज पिऊन टाकतात, स्वतःच्या गिळण्याचाही आवाज कानात मोठा होतो. पहिल्यांदा ती अशा खोलीत आली तेव्हा भीतीने तिचे तळहात ओले झाले होते, आणि लोकांना वाटलं, नवी आहे, घाबरली. तिला आठवत होती ती वेसाव्याची, तिच्या कोळीवाड्यातली, एक संध्याकाळ. वेसावा कधी गप्प नसतो. पहाटे बर्फाच्या गाड्या, दुपारी जाळी विणताना गाणी, संध्याकाळी पोरांना हाका, आणि मधल्या वेळात भांडणं. गप्प होतो तो एकाच कारणाने, एखादी होडी परत आलेली नसली की. त्या दिवशी तिच्या बापाची, रामनाथची, होडी आली नव्हती. सगळ्या बायका किनाऱ्यावर उभ्या होत्या आणि कुणीही कुणाशी बोलत नव्हतं. पदर वाऱ्यावर फडफडत होते, तेवढाच आवाज. आठ-नऊ वर्षांची कल्पिता आईचा मोकळा हात धरून उभी होती. तो गार होता.

मग दूर कुठेतरी ठिपका दिसला, त्याची होडी झाली, होडीवर बाप उभा आहे हे दिसलं, आणि आईच्या छातीतून जे बाहेर पडलं ते कल्पिताला अजून हाडांत ऐकू येतं. आई ओरडली. पाण्यात गुडघाभर शिरून, कंबरेवर हात ठेवून, बापाचा उभा उद्धार केला तिने. मेल्या, कुठं मेला होतास, भाकऱ्या गार झाल्या. वेसाव्यातल्या त्या वेळच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. मग वारा समोरून येत असताना, इंजिन फटफटत असताना, एवढ्या पाण्यापलीकडच्या माणसाला हाक मारायची कशी? शिवी देऊन. 'मेल्या' हेच बापाचं घरातलं नाव होतं. आणि ते नाव फक्त परत आलेल्या माणसालाच देता येतं, न आलेल्याला ते कुणी देत नाही, तेव्हा जीभच उचलत नाही. बाप होडीवरून दात काढून हसत होता. बायका एकदम बोलायला लागल्या, सगळ्या एकाच वेळी, वेसावा पुन्हा सुरू झाला. त्याच वेळी कल्पिताच्या मागे वाळूवर फिरायला आलेल्या दोन बायका उभ्या होत्या, पायात चपला, हातात भेळेचे कागद. त्यातली एक म्हणाली, "बघ, नवरा आल्या आल्या कशी तुटून पडली. या कोळणी म्हणजे ना!" आणि दुसरी हसली. कल्पिताने मान वळवून पाहिलं होतं. सांगायला तिच्याकडे एकच वाक्य होतं, छोटं, शाळेतल्या पोरीलाही सांगता येईल असं. ते घशापर्यंत आलं आणि त्या बायका भेळ खात पुढे निघून गेल्या.

तेव्हापासून ते वाक्य तिथेच आहे. त्यावरून पुष्कळ पाणी गेलं, बहुतेक कोमट. शाळेत बाई म्हणायच्या, "वर्गाचा मासळीबाजार करू नका," आणि सगळा वर्ग एका बाकाकडे बघायचा. तिचा धाकटा भाऊ अल्पेश त्याच्या वर्गात अशा वेळी सरळ दप्तर टाकून उठायचा, समोरच्याचं नाक फोडायचा आणि मग घरी येऊन आईचा मार खायचा. त्याचं त्याला बरं वाटायचं, पण नाक फुटलेला पोरगा घरी जाऊन सांगायचा, बघा, असलेच असतात ते. आईची तऱ्हा निराळी. अंधेरीच्या बाजारात कुणी गिऱ्हाईक म्हणालं, तुम्ही लोक फार भांडकुदळ बाई, की ती सुरी न थांबवता म्हणते, "भांडान फुकाट हाय गो बाय, पैसं मावऱ्याचं. कापू काय?" आणि मासा कापून होईपर्यंत गिऱ्हाईक आपल्या सुनेच्या तक्रारी सांगायला लागलेलं असतं. कल्पिताला यातलं काही जमलं नाही. तिने आवाज कमी केला. कुणी विचारलं, तुम्ही मूळच्या कुठल्या, तर 'अंधेरीच्या' म्हणायचं, वेसावा अंधेरीतच येतो की. कुणी म्हणालं, "तुमचं बोलणं किती शुद्ध, दादरच्या का?" तर फक्त हसायचं. नुसत्या हसण्याचा समोरचा हवा तो अर्थ लावून घेतो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये आरडाओरडा झाला आणि शेजारणीने हळूच म्हटलं, "काय कोळणीसारख्या भांडतात, तुम्ही बघा कशा शांत," तेव्हाही ती हसलीच होती. घरी येऊन मात्र तिने नळ मोठा सोडून भांडी घासली होती. घासलेलीच.

"सर, मी कधी मच्छीमार्केटला गेलेच नाहीये, खरं सांगू का," तेजल कानात म्हणत होती. "मी इमॅजिन करून लिहिलं." चंद्रप्रकाश हसले. "तू गुज्जू, घाटकोपरची, तू कशाला जाशील? आणि तुम्हा लोकांना मार्केटमध्ये सोडलं तर कोळीणच फुकट मासे देऊन पळून जाईल. भाव करून करून मारून टाकाल तिला." "हो ना सर!" तेजल म्हणाली आणि हसली. कल्पिताने काचेतून तिच्याकडे पाहिलं. पोरगी पंचविशीची असेल. हसताना तिचे डोळे क्षणभर मोबाइलकडे गेले, तिथे काही नव्हतं, स्क्रीन काळी होती. हे हसू कल्पिताच्या ओळखीचं होतं. असलंच एक तिच्या घरीही होतं, रोजच्या वापरातलं. आणि चंद्रप्रकाश? इतकं रेखीव मराठी या शहरात कुणी बोलत नसेल, ळ आणि ण असे ठेवून देतात जागच्या जागी, चांदीची भांडी मांडावीत तसे. त्यांचे वडील जौनपूरहून आले, गोरेगावला दुधाचा धंदा होता. एका कार्यक्रमात कुणीतरी माइकवरून म्हणालं होतं, "भैया असूनही काय मराठी आहे यांचं!" सभागृहाने टाळ्या दिल्या होत्या. चंद्रप्रकाशांनी वाकून नमस्कार केला होता, आणि सरळ होताना त्यांच्या मानेची शीर उभी राहिलेली शेजारच्या खुर्चीतल्या कल्पिताने पाहिली होती. त्या दिवशी तिला वाटलं होतं, हा माणूस आपला. याला माहीत आहे, घासणं म्हणजे काय असतं. मग आज हे 'या लोकांच्या रक्तातच असतं' कुठून आलं त्याच्या तोंडात? का ज्याला एकदा घशात काटा अडकलाय, तोच दुसऱ्याच्या पानात न बघता काटे वाढतो?

तशी दोनच वाक्यं होती. कुणाही नटीने कंबरेवर हात ठेवून दिली असती. तिची निम्मी कामं चंद्रप्रकाशांकडून येत, आणि आज नाही म्हटलं तर उद्या गोड बायका काय कमी आहेत? बोरिवलीपासून इथपर्यंत गल्लोगल्ली सापडतील. ओरडून टाक, बांगड्या घाल, घरी जा. तिने कागद पुन्हा डोळ्यांसमोर धरला, आणि अक्षरांच्या जागी तिला आईची जागा दिसली. अंधेरीचा बाजार, ओला ओटा, शेजारच्या कोळणीचा मोबाइल सुरीशेजारी ठेवलेला. जाहिरात वाजेल. शेजारीण म्हणेल, आयक गो मथुरे. आणि आई, सत्तरी उलटलेली, अर्धं ऐकू येणारी, पहिल्याच शब्दाला आवाज ओळखेल. कुणीही ओळखला नाही तरी ती ओळखेल. हात पदराला पुसून मोबाइल उंच धरेल आणि सगळ्या बाजाराला ओरडून सांगेल, "ही माझी पोर! ही बोलतंय ती माझी पोर हाय!" शब्द काय आहेत ते तिला मागाहून कळेल. ओरडून झाल्यावर.

"विशाल," कल्पिता माइकमध्ये म्हणाली, "एक घेऊया? शेवटचा."

"घ्या ताई." विशालने मान वर केली. सकाळपासून पहिल्यांदाच त्याने सरळ तिच्याकडे पाहिलं. त्याचा हात बटणाच्या शेजारी होता, लाल दिव्याच्या इतका जवळ, की दिवा दिसलाच नाही म्हणायची सोय नव्हती. विसरला होता, की ठेवलं होतं त्याने ते तसंच?  "मागे सरकून बोला," तो म्हणाला, "मी लेव्हल कमी करतो. लागेल."

तिने कागद दुमडून माइकच्या दांड्याला खोचला. दोन पावलं मागे गेली, तरी खोली पुरेना, पाठ स्पंजला टेकली. कुठे बघायचं? काचेत तिचंच प्रतिबिंब होतं, दोन्ही हात मोकळे, आणि त्याच्या पलीकडे तीन माणसं, पाण्यापलीकडे असावीत तशी. तिने श्वास घेतला तो छातीत राहिना, खाली गेला, कधीपासून बंद असलेल्या कुठल्याशा खोलीत, आणि तिथून जे आलं ते तिचं होतं की आईचं हे तिला त्या क्षणी सांगता आलं नसतं.

"कवाची उबी हाय मी हितं! भाकऱ्या गार झाल्या, पोरं न जेवता बसल्यान! कुठं मेला व्हतास रं, मेल्या!"

'मेल्या' लांबत गेला, वारा कापत जावा तसा, आणि शेवटी शेवटी त्याचा कणखरपणा सुटून तो ओला झाला. काचेपलीकडे पट्ट्यांवरचे हिरवे दिवे सरसरत लाल झाले. तेजलने दोन्ही हात तोंडावर नेले. चंद्रप्रकाशांच्या कपातला चहा त्यांच्या शर्टावर सांडला होता आणि त्यांना ते कळलं नव्हतं. स्पंजने नेहमीप्रमाणे सगळं पिऊन टाकलं, पण या वेळी त्याला वेळ लागला.

कानात कप टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग चंद्रप्रकाश म्हणाले, "कल्पिताजी, जबरदस्त. अंगावर काटा आला. फक्त… हे स्क्रिप्टमध्ये नाहीये. हाच आवाज ठेवून आपण आपली लाइन घेऊया का? थोडं कमी इमोशनल, थोडं जास्त भांडण. म्हणजे तो जो एक… ती जी एक…"

"कोळीण, सर," कल्पिता म्हणाली. आवाज खाली आला नव्हता, आणायचा प्रयत्नही तिने केला नाही. "म्हणा की. मघापासून म्हणताच आहात. बटण चालू आहे, सकाळपासून. वास, रक्त, घासूनपुसून, सगळं पोचलंय मला."

चंद्रप्रकाशांनी विशालकडे पाहिलं. विशालने दिव्याकडे. बटणाला कुणीच हात लावला नाही.

"अगं, तसं नव्हतं म्हणायचं…" त्यांचं चांदीच्या भांड्यांसारखं मराठी एकदम घरंगळलं. "आपण तर फॅमिली आहोत. मी कधी तुम्हाला… कधी एक शब्द तरी बोललो का इतक्या वर्षांत?"

"नाही बोललात. मीही नाही. तुम्हाला जिन्यात कळलं होतं, मला दिसलं होतं, आणि दोघंही सभ्य. मागच्या आठवड्यातली ती गोड बाई पुसून टाका, सर. ती मी परत घेतेय. आणि आत्ताचं हे तुम्हाला वापरता येणार नाही, हे माझ्या घरचं आहे." तिने हेडफोन काढायला हात वर नेला आणि थांबली, कारण तेजल काचेजवळ आली होती. रडवेली, काहीतरी विचारायचं असल्यासारखी. तिच्या हातात तिनेच लिहिलेला कागद होता.

"मॅम," ती म्हणाली, "पण मग त्या बाई इतक्या कशावरून भांडत होत्या?"

कल्पिताने तिच्याकडे पाहिलं. पोरीच्या हातात भेळेचा कागद असावा असं तिला उगीचच वाटलं. आणि घशापर्यंत येऊन इतकी वर्षं थांबलेलं ते वाक्य, छोटं, शाळेतल्या पोरीलाही सांगता येईल असं, तिने माइकच्या अगदी जवळ जाऊन, पुऱ्या आवाजात सांगितलं.

"ती भांडत नव्हती गो बाय. माझा बाप जिवंत परत आला होता."